आकृती 1 स्वतः काढताना

फेराइट म्हणजे लोह आणि इतर धातूंची ऑक्साइडं. त्यांच्यावरच्या पेपरांत स्पिनेल या स्फटिकरचनेचं एक चित्र हमखास असतं. घनाची चौकट, तिच्यात लाल-निळे गोळे आणि खाली ‘स्पिनेलची रचना’ एवढंच. कोबाल्ट असो की निकेल, चित्र तेच. आमच्या सरांना याचा भारी राग. ‘लॅटिस पॅरामीटर स्वतः काढता, मग चित्र उसनं कशाला?’ असं म्हणून त्यांनी माझ्या पेपरातली आकृती 1 मलाच काढायला लावली. मी बेळगावात कोबाल्ट-झिंक फेराइटवर पीएचडी करते. एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना तपासणं) झालेला होता, त्याच्या आलेखाशी रचना जुळवून घेणारं रीटव्हेल्ड रिफाइनमेंटही झालं होतं, म्हणजे लॅटिस पॅरामीटर (युनिट सेलच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याच्या, बाजूची लांबी) धरून आकडे हातात होते. चित्र तेवढं राहिलं होतं.

त्यासाठी व्हेस्टा घेतलं. जपानच्या कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर शिक्षण-संशोधनाच्या कामाला फुकट मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माझ्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच: विंडोजवर ते इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप फाइल उतरवायची, फोल्डरमध्ये उलगडायची, आतल्या चिन्हावर डबल क्लिक. लॅबच्या कॉम्प्युटरचा अॅडमिन पासवर्ड मागायला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, हे ज्यांनी तसं उभं राहून बघितलंय त्यांनाच कळेल. रेणूंसाठी अव्होगाड्रो चांगलं, लाखो अणूंच्या सिम्युलेशनसाठी ओव्हिटो. पण युनिट सेल, स्पेस ग्रुप (रचनेच्या सममितीचा प्रकार) आणि बहुफलक (एका अणूभोवतीचे शेजारी जोडून होणारे ठोकळे) दाखवायचे असतील तर व्हेस्टाच.

आधी मिठावर हात बसवला. सोडियम क्लोराइडच्या युनिट सेलमध्ये अणू 8, पण पडद्यावर मोजले तर 27 दिसतात. कारण कोपऱ्यांवरचे, कडांवरचे, पृष्ठांवरचे जुळे अणूही काढले जातात. हे कळलं की पुढे स्पिनेलमध्ये, जिच्या युनिट सेलमध्ये 56 अणू असतात, त्यापेक्षा जास्त गोळे दिसले तरी घाबरायला होत नाही.

आता खरी मेख. स्पिनेलचा स्पेस ग्रुप एफ-डी-3-बार-एम, क्रमांक 227. या ग्रुपला मूळबिंदू, म्हणजे अणूंचे कोऑर्डिनेट जिथून मोजायचे तो बिंदू, दोन ठिकाणी धरायची सोय आहे. स्पिनेलमध्ये धातूंच्या जागा दोन: चार ऑक्सिजनांमधली टेट्राहेड्रल ए-साइट आणि सहा ऑक्सिजनांमधली ऑक्टाहेड्रल बी-साइट. पहिल्या निवडीत मूळबिंदू ए-साइटवर येतो. दुसऱ्या निवडीत तो सममिती-केंद्रावर असतो आणि ए-साइट (1/8, 1/8, 1/8) वर, बी-साइट (1/2, 1/2, 1/2) वर जाते. ऑक्सिजनचा कोऑर्डिनेटही त्याप्रमाणे बदलतो. जुन्या पेपरांत तो 0.38 च्या आसपास दिसतो, माझ्या रिफाइनमेंटमध्ये 0.256 होता. दोघांत 1/8 चा फरक, रचना एकच. व्हेस्टात ‘एडिट डेटा’मधल्या ‘युनिट सेल’ खिडकीत स्पेस ग्रुपच्या क्रमांकाखाली सेटिंगचा आकडा असतो, 1 किंवा 2. कोऑर्डिनेट ज्या निवडीचे, सेटिंग त्याच निवडीचं हवं.

जुळलं नाही तर काय होतं ते मुद्दाम करून बघितलं. कोऑर्डिनेट दुसऱ्या निवडीचे ठेवले आणि सेटिंग 1 केलं. एकूण अणू 56 चे 56 च राहिले! म्हणजे नुसती बेरीज करणाऱ्याला काही कळणार नाही. पण खालच्या मजकुराच्या पट्टीत साइटची नावं बदलली होती: 8ए आणि 16डी असायला हवं तिथं 16सी आणि 8बी (नावातला आकडा म्हणजे सेलमध्ये तशा जागा किती). ए आणि बीची संख्या उलटी झाली, सूत्रच फिरलं. चित्रात तर ऑक्सिजन चार-चारच्या घोळक्यानं एकमेकांत घुसलेले, दोघांतलं अंतर जेमतेम 0.14 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). बाँड न दाखवता नुसते मोठे गोळे काढले तर हे घोळके एकेका गोळ्यासारखे दिसतात आणि चित्र देखणंसुद्धा वाटतं. म्हणून माझी सवय अशी झाली की रंगरंगोटीच्या आधी ती खालची पट्टी वाचायची.

बाँड व्हेस्टा स्वतः ठरवतं, पण त्यावर विसंबू नये. कोबाल्ट फेराइटमध्ये ए-साइट ते ऑक्सिजन सुमारे 1.90 अँगस्ट्रॉम, बी-साइट ते ऑक्सिजन सुमारे 2.05. म्हणून ‘बाँड्स’ खिडकीत कमाल अंतर 2.3 ठेवलं. ए भोवती चार आणि बी भोवती सहा ऑक्सिजन नीट जोडले गेले. मग पॉलिहेड्रल शैली लावली आणि बहुफलक अर्धपारदर्शक केले.

चित्र घरी लॅपटॉपवर उघडं होतं तेव्हा बाबांनी बघितलं. ते उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, आयुष्यभर ड्रॉइंग वाचत आलेला माणूस. ‘अगं, हे वरनं बघितलंयस की बाजूनं?’ मी म्हटलं, तिरकं. ‘तिरकं म्हणजे किती? आणि हे तुकडे एकमेकांना नेमके कुठं चिकटल्यात? कडेला का टोकाला?’ त्यांना स्पिनेल माहीत नाही, पण विचारलं ते अगदी मर्मावरचं. ऑक्टाहेड्रा आपसांत कडेनं जोडलेले असतात, टेट्राहेड्रा त्यांना फक्त टोकानं भेटतात, आणि माझ्या तिरक्या, खच्चून भरलेल्या चौकटीत ते काहीच दिसत नव्हतं. अख्खी युनिट सेल दाखवायचा हट्ट सोडला. ‘बाउंड्री’मध्ये मर्यादा कमी करून घनाचा एक तुकडाच ठेवला, सी अक्ष उभा केला, अक्षांचे बाण कोपऱ्यात राहू दिले आणि प्रोजेक्शन समांतर ठेवलं. पर्स्पेक्टिव्हमध्ये मागचे बहुफलक लहान दिसतात आणि वाचणाऱ्याला ते खरोखर लहान वाटू शकतात.

शेजारी दुसरं छोटं चित्र काढलं: एकच ऑक्सिजन, त्याच्या एका बाजूला ए-साइट आणि दुसऱ्या बाजूला बी-साइट. माउसनं तीन अणू टिपले की व्हेस्टा त्यांच्यातला कोन सांगतं. आदर्श स्पिनेलमध्ये ए-ऑक्सिजन-बी कोन सुमारे 125 अंश, बी-ऑक्सिजन-बी 90 अंश. ए आणि बी यांच्यातली सुपरएक्स्चेंज (ऑक्सिजनमार्फत होणारी चुंबकीय आंतरक्रिया) जोरकस का, यावर पेपरात मी पानभर लिहिलं होतं. त्या पानाला आधार द्यायचा तर हेच चित्र हवं. गोळ्यांच्या चौकटीनं तिथं काही साधत नाही.

झिंकच्या प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी युनिट सेल काढावी असंही एकदा डोक्यात होतं. कोबाल्ट फेराइटचा लॅटिस पॅरामीटर साधारण 8.39 अँगस्ट्रॉम, झिंक फेराइटचा 8.44. आठ सेंटिमीटर रुंद चित्रात हा फरक अर्धा मिलिमीटर. कुणाला दिसणार? तो आलेखातच शोभतो.

सरांशी खरा वाद झाला तो बी-साइटच्या रंगावर. एका जागी दोन मूलद्रव्यं असली की व्हेस्टा गोळ्याचे हिस्से पाडून दोन रंग भरतं. अर्धा निळा कोबाल्ट, अर्धा तपकिरी लोह. दिसायला छान. पण लोहाचा अणुक्रमांक 26, कोबाल्टचा 27. साध्या एक्सआरडीत क्ष-किरणांना हे दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे हा अर्धा-अर्धा वाटा मी मोजलेला नव्हता, पूर्ण उलटा स्पिनेल (सगळा कोबाल्ट बी-साइटवर, लोह दोन्ही जागांवर निम्मं-निम्मं) आहे असं धरून घातलेला होता. तो ठरवायला मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीसारखं, लोह कुठल्या जागी किती ते सांगणारं काहीतरी हवं. मी म्हणत होते की गोळा एकरंगी करून ‘बी-साइट’ लिहू. सर म्हणाले, रंग राहू दे, आकृतीखाली स्पष्ट लिही. शेवटी आकृतीखाली एक वाक्य गेलं: बी-साइटवरची वाटणी आदर्श उलट स्पिनेल धरून दाखवली आहे, रिफाइन केलेली नाही. मला अजूनही एकरंगी गोळाच बरा वाटतो, कारण आकृतीखालचा मजकूर किती जण वाचतात?

राहिलं छपाईचं. स्क्रीनशॉट नको. बऱ्याच जर्नलांचा एक कॉलम 9 सेंटिमीटरच्या आसपास असतो, 300 डीपीआयला त्याचे 1063 पिक्सेल होतात, 600 ला 2126. व्हेस्टातून रास्टर चित्र बाहेर काढताना ते किती पट मोठं करायचं ते विचारतं. तिथं पट वाढवून पीएनजी घ्यायची. अक्षरं आणि (अ), (ब) वगैरे नंतर इंकस्केपमध्ये घातलं, तेही फुकटच. लाल ऑक्सिजनशेजारी हिरवं काही ठेवलं नाही, लाल-हिरवा फरक न कळणारे वाचक असतात. बघायचा कोन, रंग, बाँडची अंतरं हे सगळं डॉट व्हेस्टा फाइलमध्ये साठवता येतं, त्यामुळे रिव्ह्यूअरनं पुढं काही बदलायला सांगितलं तर पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही. आणि फुकट वापरलं म्हणून उल्लेख चुकवू नये: निर्मात्यांचा 2011 चा पेपर, जर्नल ऑफ अप्लाइड क्रिस्टलोग्राफी, खंड 44, पान 1272.

आता लॅबमधली गोकाकची मुलगी बेरियम हेक्झाफेराइटचं चित्र काढते आहे. तिला सगळं दाखवून झाल्यावर ‘इष्टे, अक्का?’ म्हणाली, एवढंच होय! तिचा स्पेस ग्रुप 194, तिथं मूळबिंदूची भानगड नाही. पण सी अक्ष 23.2 अँगस्ट्रॉम, ए अक्ष 5.89, त्यामुळे चित्र बांबूसारखं उंच होतं. शिवाय त्यात एका लोहाभोवती पाच ऑक्सिजन असतात, वरचा आणि खालचा सुमारे 2.3 अँगस्ट्रॉमवर. माझ्या फाइलमधलं 2.3 चं अंतर तिनं तसंच उचललं, तर ते दोन बाँड कधी येतात, कधी गळतात, आणि गळले की लोह नुसत्या त्रिकोणात अडकलेलं दिसतं. तिला 2.5 करायला सांगितलंय.