टीव्ही उतरवल्यावर

गेल्या वर्षी गणपतीच्या मखराला जागा हवी म्हणून आम्ही टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि अनंत चतुर्दशीनंतर तो पुन्हा चढवलाच नाही. मुलीची दहावी होती, आणि जेवताना कोणी कोणाकडे पाहत नाही, ही माझी जुनी तक्रारही होती. निर्णय घ्यायला दहा मिनिटेही लागली नाहीत. सासूबाईंना मात्र आम्ही तो विचारला नाही, नुसता सांगितला.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की टीव्ही हे आमच्या घरातले खरे घड्याळ होते. सातच्या मालिकेला कुकर चढायचा, साडेसातला कणीक मळली जायची, जाहिराती लागल्या की दोन पोळ्या तव्यावरून उतरायच्या आणि साडेआठच्या मालिकेचे शीर्षकगीत ऐकू आले की आई रक्तदाबाची गोळी घ्यायच्या. पडदा गेल्यावर ही सगळी वेळापत्रके एकदमच कोसळली. जेवण कधी आठला, कधी दहाला होऊ लागले, आणि आईंची गोळी लागोपाठ दोन दिवस राहून गेली, तेव्हा मला माझ्या निर्णयाची पहिल्यांदा लाज वाटली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत आणि रात्री केंद्रच निरोप घेई, त्यामुळे टीव्ही ‘सोडण्याचा’ प्रश्न कोणाला पडत नसे. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि बंद करण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ही जबाबदारी गावावर घेतली. करोनाच्या काळात मुलांच्या हातात अभ्यासासाठी गेलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा मंदिरावरचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजवून घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद ठेवायचे असे गावाने ठरवले. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की बंदी संपते. बातमी वाचली तेव्हा मला कौतुक शिस्तीचे वाटले होते. आता वाटते की शहाणपण त्या दुसऱ्या भोंग्यात आहे. कोणाची संध्याकाळ कायमची काढून घेतलेली नाही, आणि त्या दीड तासात टीव्हीबरोबर मोबाईलही बाजूला पडतो.

आमच्या घरी नेमके उलटे घडले होते. टीव्ही सोडला असे अभिमानाने सांगणाऱ्या आम्हा तिघांच्याही हातात फोन होता, त्यामुळे आमचे प्रत्यक्षात काहीच सुटले नव्हते. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, गुडघ्यांमुळे ज्यांचे देवळात जाणे थांबले आहे, त्या आईंचीच तेवढी सोबत गेली. (मुलीने त्यांना मालिका फोनवर लावून दिली होती, ‘एवढ्याशा काचेत माणसे ओळखू येत नाहीत,’ म्हणून त्यांनी ती पाच मिनिटांत परत केली.)

टीव्ही पुन्हा लावू या, असे मी दिवाळीत सुचवले, तेव्हा आईंनीच नको म्हटले. तोवर त्यांनी आपली सोय लावून घेतली होती. आठ वाजता त्या शेजारच्या काकूंकडे जातात आणि नऊला परत येऊन, आम्ही जेवत असताना, झालेली गोष्ट मुलीला पात्रांच्या आवाजांसकट सांगतात. जाताना गोळ्यांची डबी बरोबर नेतात. त्यांच्यासाठी मी फोनवर गजर लावून पाहिला होता. पण शीर्षकगीत वाजल्याखेरीज आपल्याला गोळी आठवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.