चिकाचे डाग

आमच्या वर्गात ज्यांचा गणवेशाचा पांढरा शर्ट खरोखर पांढरा होता अशी मुलं मोजून चार-पाच. तलाठ्याचा मुलगा, दुकानदाराची दोघं, आणखी एखादा. बाकी सगळ्यांच्या अंगावर केळीच्या चिकाचे डाग. चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, तिथंच माणूस फसतो. वाळला की तपकिरी, पुढे काळपट. माय सोडा लावायची, लिंबू चोळायची आणि शेवटी कंटाळून म्हणायची, "शर्ट फाटंल, पण हा डाग जाणार नाही."

आठवीत वर्गशिक्षकांनी एकदा डागवाल्यांना उभं राहायला सांगितलं. जवळजवळ सगळा वर्ग उभा! सर जरा थांबले. मग म्हणाले, "बसा. आता जे बसलेले होते, त्यांनी सांगा, सकाळी उठून काय करता?"

मी १९८४ साली दहावी झालो. तेव्हा आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात बसराई जातीची केळी. प्रयोगशाळेत वाढवलेली, टिश्यूकल्चरची रोपं नंतर आली. घड हिरवाच कापायचा, कारण माल दिल्लीकडे जायचा. कापणी असली की वडील अंधारात उठवायचे. खांद्यावर वाळलेली पानं, त्यावर घड, पायाखाली ओला चिखल. शेतावरून तसाच शाळेत. डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि वरून कच्चं तेल. मधल्या सुट्टीपर्यंत तेल दप्तरात उतरलेलं असायचं. माझं भूगोलाचं पुस्तक वर्षभर तेलकट होतं.

इतिहासाचे सर फैजपूरच्या अधिवेशनावर आले की रंगात यायचे. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिथं जेवायला काय होतं?" सर चिडले नाहीत. म्हणाले, "डिसेंबर होता ना? मग भरीतच असणार भो!" खरंखोटं देव जाणे, पण परीक्षेत तिघांनी तसं लिहिलं.

आता भरिताचंच सांगतो. पुण्यात तीस वर्षं काढली, तिथं गॅसवर वांगं भाजून त्यात टोमॅटो घालतात. त्याला भाजी म्हणा, माझी हरकत नाही. आमच्याकडे बामणोदचं हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात टाकायची, साल काळी पडून फुटली की बाहेर. सोलायला बसलेल्यांची बोटं भाजतात, तरी कुणी उठत नाही. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण, त्यावर वांगं, आणि मुसळीने ठेचायचं. कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. केळीच्या पानावर कळण्याच्या पुरीबरोबर. काड्यांच्या धुराचा वास शिजवून येत नाही, तो वांग्यात आतून मुरावा लागतो.

दहावीच्या निरोपाला आम्ही शाळेमागच्या शेतात हेच केलं होतं. पानं तोडायला मी गेलो आणि निरोपासाठी शिवलेल्या नव्या शर्टाच्या बाहीवर चीक सांडून आलो. समारंभाच्या फोटोत मी डावा हात पाठीमागे घेतलेला आहे, तो त्यामुळे. गेली इतकी वर्षं पाहणारे विचारतात, हात दुखावला होता का.

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या पत्रिकेत जेवणाला भरीत आहे असं वाचलं. समितीला हात जोडून एवढंच सांगणं, गॅसवर भाजू नका. काड्या कमी पडल्या तर माझ्या भावाच्या खळ्यात रचलेल्या आहेत. आदल्या दिवशी ट्रॅक्टर मीच घेऊन येतो.