तुम्ही विचारलंत म्हणून : गव्हाला कान कुठून आले?

"मॅडम, इंग्रजीत एकाच आवाजाचे इतके शब्द कशाला हो? नुसते 'राइट'च चार! लेकरांनी पाठ तरी किती करावं?"

परभणी जिल्ह्यात बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. हा प्रश्न मला पालकसभेत विचारला गेलाय, आठवडी बाजारात विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

सहावीच्या वर्गात शेतावरचा एक उतारा चालू होता. त्यात गव्हाचे 'इअर्स' असा शब्द होता. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'गव्हाचे कान'. वर्ग हसला. तिनं त्या ओळीवर हात आडवा ठेवला आणि तास संपेपर्यंत उचलला नाही. मी "अगं, ओंबी म्हणायचं" एवढंच बोलून पुढं गेले. पण तो आडवा हात माझ्या मनातून जाईना. तिनं शब्द बरोबर वाचला होता, अर्थही तिला येत होता तोच लावला होता. मग चुकलं कुठं, हे तिला कुणी सांगायचं?

रात्री शब्दकोश काढून बसले. कान आणि ओंबी हे दोन 'इअर' एकमेकांचे कुणी लागत नाहीत. जुन्या इंग्रजीत कानाच्या शब्दाला शेवटी एक जास्तीचा स्वर होता, ओंबीच्या शब्दाला नव्हता. तो स्वर पुढं झिजून गेला आणि दोन्ही शब्दांचा आवाज एक झाला. कानाचा 'इअर' लॅटिन 'आउरिस'च्या, म्हणजे कानाच्याच, कुळातला. ओंबीचा 'इअर' मात्र टोकदार, अणकुचीदार अशा अर्थाच्या मुळापासून निघालेला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरच्या रानातून चार ओंब्या मागून घेतल्या. तिला म्हटलं, हात लाव. तिनं बोट फिरवलं आणि चटकन मागं घेतलं. कुसळ टोचलं होतं. "हे टोचलं ना, तेच त्या शब्दात आहे," मी म्हणाले. तो अर्थ पुन्हा कुणाला सांगावा लागला नाही.

आता त्या चार 'राइट'कडे येते. लिहिण्याचा 'राइट' मुळात ओरखडा काढणं, कोरणं या अर्थाचा. आणि आपलं लिहिणं? संस्कृतातल्या 'लिख्'चाही मूळ अर्थ ओरखडणं हाच. दोन लांबच्या भाषांना लिहिताना तोच खरखर आवाज ऐकू आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. बरोबर या अर्थाचा 'राइट' म्हणजे सरळ. आपल्या 'ऋजु' शब्दाचा तो नातलग, आणि पूर्वी त्याचा उच्चार 'रिख्त'च्या जवळ जाणारा होता. धर्मविधीचा 'राइट' लॅटिनमधून आला. चौथा म्हणजे कारागीर. तो आता एकटा फारसा भेटत नाही, 'प्लेराइट'सारख्या शब्दाच्या शेपटीला असतो. मुलं तिथं हमखास 'लिहिणारा' धरतात. पण तो नाटक लिहिणारा नव्हे, सुतार गाडी घडवतो तसा नाटक घडवणारा. म्हणून त्याचं स्पेलिंग वेगळं.

स्पेलिंगवर पोरांचा राग असतो. मला ते जमिनीच्या जुन्या खासरा पाहणीसारखं वाटतं. आज रान कुणीही कसत असो, मूळ कुणाचं होतं ते त्या कागदात सापडतं. १४७६ साली कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना घातला. छापलेली अक्षरं हळूहळू ठरून गेली, पण बोलणं थांबलं नाही. पंधराव्या ते सतराव्या शतकात स्वर पार बदलले आणि कित्येक व्यंजनं गळाली. सरदाराच्या 'नाइट'मधला 'के' एके काळी चक्क उच्चारला जायचा, आणि त्याचा अर्थ होता पोरगा, हाताखालचा गडी. गड्याचा सरदार झाला आणि पुढं कित्येक शतकांनी तोंडातून 'के' गेला, कागदावर राहिला. रात्रीचा 'नाइट' अगदी निराळा. तो आपल्या 'नक्त'चा भाऊबंद. श्रावणात आजी नक्त धरायची, दिवसभर उपास आणि रात्री जेवण, तेच नक्त.

सगळेच सारखे शब्द परके नसतात. पिठाचा 'फ्लावर' आणि फुलाचा 'फ्लावर' हा एकच शब्द आहे. दळणाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे जणू त्याचं फूल, म्हणून ते नाव. स्पेलिंग वेगळं पडलं ते बऱ्याच उशिरा. उलट 'पेन' आणि 'पेन्सिल' बहिणी वाटतात, पण नाहीत. पेन म्हणजे लॅटिनमधलं पीस, पेन्सिल म्हणजे लहानशी शेपटी, चित्रकाराचा कुंचला.

आणि 'बँक'. नदीकाठाचा शब्द उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. पैशाची बँक इटलीहून आली, सराफ ज्या बाकावर बसून नाणी मोडून द्यायचे त्या बाकाचं ते नाव. गंमत अशी, की तो इटालियन शब्दसुद्धा मुळात जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि स्कँडिनेव्हियन बोलींच्याच कुळातला. म्हणजे वेगळे निघालेले दोन भाऊ इंग्रजीत येऊन पुन्हा एका वाड्यात राहिले.

हे ऐकून पालक म्हणतात, आपल्या मराठीत असला घोळ नाही. आहे की! गोदावरीचं तीर संस्कृत, धनुष्याचा तीर फारसी. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीचा कारभार उर्दूतून चालायचा. संस्कृत, फारसी, अरबी अशा कितीतरी घरचे शब्द आपल्या तोंडात रोज शेजारीशेजारी बसतात. इंग्रजांकडं १०६६ नंतर नॉर्मन आले, राजदरबारात फ्रेंच बसली, तेव्हा तिथंही असंच झालं.

म्हणून पाठ करा असं मी सांगत नाही. सारख्या आवाजाचे दोन शब्द भेटले की मुलांकडून प्रत्येकाचं घर लिहून घेते. पाहुणा आला की आपण गाव विचारतो, तसं. वेळ जातो, अभ्यासक्रम मागं पडतो, तरी मी हेच करते.

'गव्हाचे कान' लिहिणाऱ्या त्याच मुलीनं पुढं एकदा विचारलं, "मॅडम, शेणखत आन् खरेदीखत एकच का?" सांगितलं, खरेदीखतातलं 'खत' अरबी, म्हणजे रेघ, लिखाण. दोन दिवसांनी ती सांगत आली, की आजोबांच्या ट्रंकेत उर्दूतला जुना कागद निघाला, शेजारच्या चाचांनी तो वाचून दाखवला. खाली 'दस्तखत' लिहिलेलं होतं. "दस्त म्हंजे हात, मॅडम. हाताचं लिखाण."