अकाउंटंटचा पगार किती वर्षांनी वाढतो?

लग्नकार्यात पंगत बसेपर्यंत कुणीतरी विचारतंच, "ताई, पोरगं बी.कॉम. झालंय, कंप्युटरवर हिशोबाचं टॅलीबी शिकलंय. किती भेटंल? अन् धा वर्षांनी किती व्हईल?" आमच्या लातूर-उदगीरकडची माणसं पगाराचं तोंडावर विचारतात, मला ते आवडतं. तुम्हीही तुमच्या पोरासाठी हेच विचारलंत म्हणून सांगते: नुसती वर्षं भरली म्हणून या कामात पगार फारसा वाढत नाही. तुमच्या हातून चूक झाली तर मालकाला किती रुपयांचा फटका बसेल, त्या हिशोबानं तो वाढतो.

आधी नुसत्या वर्षांचं गणित बघा. १२,००० पगार आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरली, तर दुप्पट व्हायला ९ वर्षं लागतात. तोवर महागाई रिझर्व्ह बँकेच्या उद्दिष्टाएवढी, म्हणजे ४ टक्केच राहिली तरी आज १२,०००त येणारा किराणा तेव्हा १७,०००ला पडतो. नऊ वर्षं मान मोडून व्हाउचर टाकले, म्हणजे बिला-पावत्यांच्या नोंदी केल्या, आणि खरी वाढ झाली आजच्या पाचेक हजारांची.

मी २००९ साली लातुरात एका सीएंच्या ऑफिसात ३,५०० वर लागले. घरी कुणाला पटलं नव्हतं, कारण मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक आडते ६,००० द्यायला तयार होते. पण आडतीवर काम ठरलेलं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, करायची, हमाली-तोलाई कापायची, संध्याकाळी रोकड जुळवायची. दिवाळीला पाकीट, अडीनडीला उचल आणि शेठजींचा विश्वास. तो विश्वास खोटा नसतो; मोंढ्यात मुनीमकी करत म्हातारे झालेले लोक मी पाहिलेत, त्यांच्या मुलींच्या लग्नात शेठजी घरच्यासारखे उभे होते. फक्त दुकान बदललं की तो विश्वास बरोबर नेता येत नाही. सीएंकडे मात्र दाल मिल, जिनिंग, मेडिकल, बिल्डर अशा सगळ्यांच्या फायली हाताखालून गेल्या. ताळेबंद शेवटपर्यंत कसा न्यायचा ते तिथंच कळलं.

तिथून एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये गेले, ९,००० वर. मिल चालते बँकेच्या सीसीवर, म्हणजे माल तारण ठेवून लागेल तसं उचलायच्या कॅश क्रेडिट कर्जावर. जानेवारीत तूर मोंढ्यात यायला लागली की मालकाला रोज पैसा लागतो, आणि तो किती उचलता येईल हे दर महिन्याला बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटवर, म्हणजे शिल्लक मालाच्या तक्त्यावर, ठरतं. समजा गोदामात ४ कोटींचा माल आहे, त्यातल्या १ कोटीचे पैसे अजून द्यायचेत. बँक फक्त ३ कोटी धरते, त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकानं स्वतः घालायचा वाटा, असेल तर हातात येतात सव्वादोन कोटी. स्टेटमेंट उशिरा गेलं किंवा उधारीचा माल आपला म्हणून दाखवला आणि तपासणीत सापडलं, तर ऐन हंगामात खातं अडकतं. हे काम माझ्याकडे आलं त्या वर्षी मी पगारवाढ मागितलीच नव्हती. मालकांनी आपणहून दिली.

मोठी उडी मात्र १ जुलै २०१७ नंतर. जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या डाळीवर ५ टक्के, बिनब्रँड डाळीवर काहीच नाही. एकाच मिलमधून दोन्ही पोती निघणार. मग वीज सोडून बाकीच्या सामाईक खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, किती घ्यायचं, किती सोडायचं? (वीजबिलावर जीएसटीच नाही, हेही आधी समजावून सांगावं लागायचं.) बारदानावरचा कर कुठल्या डाळीच्या हिशोबात धरायचा? मालक रात्री फोन करून विचारायचे. ज्यांनी नियम वाचले होते त्यांना त्या वर्षी शेजारच्या मिलवाल्यांनी बोलावणी धाडली; ज्यांनी "सीए बघतील" म्हटलं ते होते तिथंच राहिले. माझा पगार १६,०००वरून २४,००० झाला, त्यात मिलमधली माझी वर्षं कुणी मोजली नाहीत. पुढं जुलै २०२२मध्ये नियम बदलला. ब्रँड असो नसो, २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर कर लागला आणि पुन्हा सगळी धावपळ. असे बदल आले की मला मनातून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये आहे. इथं पगाराच्या चौकशीत दोन घोटाळे होतात. एक म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) धरलेली असते, म्हणून "सहा लाखांचं पॅकेज" म्हणजे महिन्याला ५०,००० हातात, असं समजून घराचा हप्ता ठरवू नका. दुसरा, घाईनं नोकरी बदलणं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. मूळ पगार २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, म्हणजे पाच वर्षांचे ७५,०००. आमच्याकडचा एक मुलगा चार वर्षं दोन महिन्यांवर, महिना १,५०० जास्त मिळतात म्हणून निघाला. थांबला असता तर तेच १,५०० दहा महिन्यांनी दुसरीकडं मिळालेच असते.

पुण्याचंही विचारतात. पगार जास्त असतो, खोलीभाडंही. सीए झालात तर ही सगळी आकडेमोड विसरा. टॅक्स ऑडिटवर सही त्यांचीच चालते आणि त्या सहीचा दर वेगळा.

राहिला तुमच्या पोराचा प्रश्न. मुलाखतीत त्यानं पगाराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: जीएसटीचं रिटर्न कोण भरतं, आणि बँकेचं काम कोण बघतं? दोन्हीला "बाहेरचे सीए" असं उत्तर आलं, तर तिथं व्हाउचरच टाकायचेत. आमच्या मावशीच्या नातवानं जालन्यात एका स्टीलवाल्यांकडं हेच विचारलं. त्यांनी सांगितलं, "आमचे मॅनेजर बघतात, त्यांना हाताखाली माणूस पाहिजे." पगार दुसरीकडच्यापेक्षा दोन हजारांनी कमी होता. मावशी महिनाभर माझ्यावर रागावली होती.