डास गुणगुणतो की भुणभुणतो?

मी मुद्रितं तपासतो हे कळलं की कुणी ना कुणी हा प्रश्न टाकतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: दोन्ही चालतं. पण डोळा लागत असताना कानाशी आला, तर माझ्या मते तो भुणभुणतोच.

या शब्दांत आवाजापेक्षा ऐकणाऱ्याची मर्जी जास्त बोलते. घरमाशीचे पंख सेकंदाला साधारण २०० वेळा हलतात, मधमाशीचे २३०च्या आसपास. सुरात फारसं अंतर नाही. तरी फुलांवरच्या मधमाशीला आपण गुणगुण देतो, लिहायला बसलो तर थेट गुंजारव बहाल करतो, आणि उष्ट्यावरच्या माशीच्या वाट्याला येते भुणभुण नाहीतर भणभण.

माणसाकडे वळलं की फरक व्याकरणातही दिसतो. गाणं गुणगुणता येतं, भुणभुणता येत नाही. भुणभुण ‘लावतात’, तीही दुसऱ्याच्या मागे: ‘सकाळपासून काय भुणभुण लावलीयेस!’ गुणगुणायला श्रोता लागत नाही; बहुधा तो नसलेलाच बरा वाटतो. शब्द अर्धेमुर्धे असले तरी भागतं, ओठ मिटून नुसता सूर धरला तरी भागतं. तेव्हा आवाज नाकावाटे बाहेर पडत असतो. पटत नसेल तर सूर धरून नाक चिमटीत पकडा, तो लगेच तुटेल.

घोंघावणं त्याहून दांडगं. माश्यांचा थवा घोंघावतो, वारा घोंघावतो, वादळ घोंघावतं. त्यावरून संकट घोंघावतं, इथवर ठीक. पण ‘संकटाचे ढग घोंघावू लागले’ असं छापायला आलं की माझी लाल शाई आपोआप सरसावते. ढग दाटतात, जमतात, फार तर गडगडतात. घोंघावत नाहीत. (हे वाक्य कितीही वेळा कापलं तरी पुन्हा उगवतं.)

आवाजापासून सगळ्यात लांब गेली ती कुणकुण. ‘बदलीची कुणकुण लागली’ म्हणताना प्रत्यक्ष आवाज कसलाच नसतो, कुणाच्या तरी अर्धवट बोलण्यावरून नुसता सुगावा लागलेला असतो. आणि भुणभुण लावतात तशी ही कुणी लावत नाही. आपली आपल्याला लागते.