कुलूप कोणी उघडलं?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद केलेल्या महिन्याची शिल्लक बदललेली दिसली, तेव्हा मी आधी नोंदी तपासल्या. एक खर्चाची नोंद मागच्या तारखेने घुसली होती. पण महिना तर बंद होता! म्हणजे कोणीतरी लॉकची तारीख (जिच्यापर्यंतच्या नोंदींना कुलूप असतं ती) मागे नेली, नोंद टाकली आणि तारीख पुन्हा जागेवर आणून ठेवली. आजची सेटिंग बघून काहीच कळणार नव्हतं, कारण ती अगदी बरोबर दिसत होती.

व्यवहारांचा ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याचा लॉग, सगळे बघतात, सेटिंगचा फारसा कोणी उघडत नाही. मला हे मनापासून खटकतं. एक चुकीची नोंद मोजक्याच खात्यांना बिघडवते. कराचा डीफॉल्ट (आपोआप लागणारा) कोड किंवा साठ्याच्या मूल्यांकनाची पद्धत बदलली तर पुढच्या शेकडो नोंदी चुकतात, आणि त्यातली प्रत्येक वरवर निर्दोष दिसते.

सेटिंगच्या लॉगमध्ये तारखेचे दोन्ही बदल सापडले, ११ मिनिटांच्या अंतराने. जुनी तारीख, नवी तारीख, बदलाची वेळ, सगळं होतं. नाव मात्र ‘अ‍ॅडमिन’. तो पासवर्ड चौघांकडे होता. (वेळही यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होती, ती आधी स्थानिक वेळेत आणावी लागली.)

त्याच दिवशी सामायिक लॉगिन बंद केलं. आता प्रत्येकाचं स्वतंत्र खातं आहे, आणि लॉक उघडायला दुसऱ्याची मंजुरी लागते. महिना बंद करताना सेटिंगचा लॉग मी स्वतः ओळीनं ओळ वाचते.