आठ दिवसांचे एकवीस: जुन्या ट्रॅक्टरच्या टायरची गोष्ट

आमचा मॅसी 1035 आबांनी 1998 ला घेतलेला, त्यामुळे विकायचा विषय घरात काढायचा नाही. मागचे टायर पार गुळगुळीत झालेले. ओल्या रानात चाक जागेवरच गरगर फिरायचं. साईज 12.4-28. नव्या जोडीचा भाव तीस हजारांच्या पुढे ऐकला आणि सरळ रिमोल्डवाल्याकडे, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवून देणाऱ्याकडे गेलो.

"केसिंग एक नंबर आहे मालक, आठ दिवसांत घेऊन जा." केसिंग म्हणजे रबराखालचा टायरचा मूळ सांगाडा.

2025 चा मे आठवतोय ना? वळीव वळीव म्हणता मान्सून 26 तारखेलाच मुंबईत. मधे चार दिवस उघडीप पडली, वाफसा आला, म्हणजे रान मशागतीजोगं सुकलं, आणि आमचा ट्रॅक्टर गोठ्यापुढे ओंडक्यांवर. शेजारी पाळी घालतायत, मी फोन लावतोय. "लाईट नव्हती." "रबर आलं नाही." "उद्या नक्की." एकदा दुकानातल्या पोरानं उचलला तर मागून आवाज, "सांग, जेवायला गेलेत." सकाळचे साडेनऊ वाजलेले!

शेवटी गाडी काढून गेलोच. दोन्ही टायर दाराबाहेर जसेच्या तसे पडलेले, आत पावसाचं पाणी, त्यात अळ्या वळवळतायत. मग तिथेच स्टूल ओढून बसलो. तेव्हा कुठे त्याने टायर घासायला घेतले, तर एकाचे आतले धागेच तुटलेले निघाले. हेच पहिल्या दिवशी बॅटरी मारून बघायला काय झालं होतं? तुम्ही देताना समोर बघायला लावा.

बदली केसिंग दाखवलं, त्यावर आकडे 0911. म्हणजे 2011 च्या नवव्या आठवड्यात बनलेलं. नको म्हटलं. दुसरं 3219 चं निघालं, ते घेतलं. रबर चढल्यावर दोन्हींचा घेर टेपने मोजला. फरक असला की डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला त्रास. सगळं मिळून चौदा हजार गेले.

हां, टायर देण्याआधी त्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, नाहीतर केसिंग बदललं तरी कळायचं नाही. आणि टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व खाली घेऊन आधी ते पाणी काढा, मगच चाक खोला. भरताना व्हॉल्व वर.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हाच असता तर त्या स्टुलावर बसलोच नसतो.

टायर बसवले त्या रात्री पुन्हा पाऊस. आबा ओट्यावरून म्हणाले, "आता बस आठ दिवस वाफशाची वाट बघत."